राबलेल्या गाडीचा मान

दिवाळीच्या तोंडावर माळा आवरायला काढला, की घरोघरी एक वाद ठरलेला असतो. खाली उतरलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांपैकी मोडीत काय घालायचे आणि ठेवायचे काय? त्यात एखादी कळशी अशी निघते, की तिच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले असते. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कोणत्या साली. कळशी पोचलेली असते, बूड गळत असते. पण ते नाव वाचले की मोडीचा विषय तिथेच थांबतो. आता समजा, कुणी हौसेने तिचे पोचे काढले, घासून घासून तिला आरशासारखी लखलखीत केली आणि त्या घासण्यात नावच पुसून गेले, तर? कळशी राहिली म्हणायचे, की गेली?

हा प्रश्न यंदा सुचला तो मात्र कळशीमुळे नव्हे, एका मालमोटारीमुळे. अमेरिकेत जुन्या पिकअप गाड्या भंगारातून उचलायच्या, वर्ष-दोन वर्षे खपून त्या पुन्हा चालत्या करायच्या आणि प्रदर्शनात नेऊन मांडायच्या, असा एक मोठा छंद आहे. त्याविषयी मी घरात चार शब्द बोललो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी कढईतल्या चकल्यांवरची नजर न काढता विचारले, "अहो, मालमोटारीचं प्रदर्शन? उद्या हातगाडीचंही भरवतील!"

"भरवलं तर वाईट काय?" मी म्हटले.

"वाईट काही नाही. पण हातगाडी रंगवून मखरात बसवली, तर ती ओढणारा तिच्यात दिसेल का, एवढंच सांगा."

साऱ्या लेखाचे सार या एका वाक्यात आले. तरीही संपादकांनी पाने राखून ठेवली आहेत, तेव्हा थोडा विस्तार करतो.

पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. आपल्या रस्त्यांवरून भाजी, सिमेंट आणि प्रसंगी गणपतीही वाहून नेणाऱ्या 'छोट्या हत्ती'ची ही थोरली अमेरिकन बहीण. सुरुवातीला तिकडचे शेतकरी साध्या मोटारीच्या मागे स्वतःच्या हाताने किंवा गावातल्या कारागिराकडून खोके ठोकून घेत. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवला आणि ती २८१ डॉलरला विकायला काढली. तेव्हापासून ही गाडी शेतावर, दुकानात, बांधकामावर राबत आली.

दुसरे महायुद्ध संपल्यावर जनरल मोटर्सने नव्या घडणीच्या गाड्या काढल्या, त्यांत पहिला मान ऐटबाज मोटारीला नव्हे, मालमोटारीला मिळाला. जून १९४७ मध्ये शेवरोलेटच्या नव्या मालमोटारी बाजारात आल्या आणि त्या घडणीच्या गाड्या १९५५ च्या सुरुवातीपर्यंत निघत राहिल्या. त्यांतली अर्ध्या टनाची पिकअप '३१००' या आकड्याने ओळखली जाते. गुबगुबीत मडगार्ड, समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी आणि एकंदर चेहरा पोटभर जेवलेल्या पाहुण्यासारखा प्रसन्न. आज अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या गॅरेजांत जी जुनी पिकअप हमखास दिसते, ती हीच.

अशी गाडी हाती येते तेव्हा ती बहुधा एखाद्या कोठारामागे गवतात बसलेली असते. उत्साही माणसाला वाटते, बॅटरी जोडावी आणि चावी फिरवावी. जाणता मिस्त्री तसे करीत नाही. तो आधी सिलिंडरांत तेल सोडतो, काही दिवस मुरू देतो आणि मग इंजिन हाताने फिरते का ते पाहतो. आत गंज धरला असेल, तर जबरदस्तीने फिरवल्यावर जे मोडते ते पुन्हा मिळवणे कठीण. मग पेट्रोलची टाकी. १९४९ पासून ती या गाडीत सीटच्या पाठीमागे, केबिनमध्येच असे. तिच्या तळाशी साचलेला गाळ काढल्यावाचून गाडी चालू करणे म्हणजे तो गाळ कार्बोरेटरला पाजणे होय. आणि चालण्याच्या आधी थांबण्याची सोय पाहायची, म्हणजे ब्रेक आधी, इंजिन नंतर.

एकेक भाग सुटा करण्यापूर्वी फोटो काढतात, प्रत्येक नट-बोल्ट चिठ्ठी लावून निराळ्या पिशवीत घालतात. आपल्याकडे लग्नाच्या रुखवताची बांधाबांध करणाऱ्या मावशींना हे काम सहज जमेल. लहानसहान गंजलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून त्यातून बॅटरी चार्जरची वीज सोडली, की गंज सुटा होतो आणि खालचे लोखंड शाबूत राहते. बॉनेट आणि दरवाजे यांच्या मोठ्या पत्र्यांवर मात्र वाळूचा जोरदार मारा करायचा नाही. पत्रा तापून वाकतो आणि मग तो सरळ होता होत नाही. जुन्या रंगात शिसे असते, जुन्या ब्रेक लायनरांत ॲस्बेस्टॉस. म्हणून रंग कोरडा घासायचा नाही, ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवायची नाही आणि लेकरांना जवळ फिरकू द्यायचे नाही.

इथपर्यंतचे काम कष्टाचे असले तरी सरळ आहे. खरी कसोटी पुढे लागते. या गाडीचे सहा सिलिंडरांचे, २१६ घनइंचांचे आणि ९० अश्वशक्तीचे मूळ इंजिन जुन्या पद्धतीचे. त्याच्या कनेक्टिंग रॉडांची बेअरिंगे बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून, ओतून आणि मग घासून बसवावी लागतात. हे काम येणारे कारागीर आता मोजके राहिले आहेत. त्याऐवजी शेवरोलेटचेच पुढच्या काळातले २३५ घनइंचांचे इंजिन बसवले, तर गाडी अधिक वेगाने आणि बिनघोर पळते. बॉनेट मिटले की पाहणाऱ्याला फरक कळायचाही नाही. पुष्कळ लोक तसे करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला रोज गाडी चालवायची आहे त्याची गरज निराळी. पण बॅबिट ओतणाऱ्याकडे शेवटचे गिऱ्हाईक येऊन गेले, की ती विद्याही त्या दिवशी संपते. गाडी जपायची म्हणजे ती घडवणारे हात जपायचे, हे या छंदातले पहिले सत्य.

दुसरे सत्य चकाकीचे. प्रदर्शनात जाऊन पाहावे तर साठ-सत्तर वर्षांपूर्वी शेण, सरपण आणि दुधाची कॅनं वाहिलेल्या गाड्यांवर सात-सात थरांचा रंग असतो. हौद्याच्या तळाला एके काळी रंग दिलेल्या साध्या फळ्या आणि त्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या असत; आता तिथे दिवाणखान्यातल्या टेबलासारखे पॉलिश केलेले ओकचे लाकूड दिसते. त्यात बटाट्याचे पोते टाकण्याची कुणाची छाती होईल? कोरियाच्या युद्धामुळे क्रोमियमची टंचाई पडली, तेव्हा १९५२ च्या सुमाराच्या पिकअपांचे बंपरसुद्धा नुसते रंगवलेले येत. त्या सालच्या गाडीवर आज लखलखीत क्रोमचा बंपर दिसला, तर तो देखणा खरा, पण तिच्या जन्माच्या वेळी जगात काय चालले होते ते तो लपवतो. मूळ गाडीला मागे दिवाही एकच असे. दुसऱ्या दिव्याला, हीटरला आणि शेजारच्या माणसाच्या डोळ्यांवरच्या झापडीला वेगळे पैसे पडत. ज्या शेतकऱ्याने एकच दिवा घेतला, त्याने त्या पैशांचे बी-बियाणे घेतले असेल. त्या रिकाम्या जागेतही एक संसार आहे.

असे म्हणू नये की हे तिकडच्या लोकांना कळत नाही. १९३५ साली स्थापन झालेला अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका हा तिथला जुना क्लब. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावी १९५५ पासून त्याचा शरदातला मोठा मेळावा भरत आला आहे. तिथे जास्तीत जास्त ४०० गुण असतात, आणि गाडी विक्रेत्याच्या दुकानातून गिऱ्हाइकाच्या हाती जशी पडली असती तशी आहे का, हे परीक्षक पाहतात. कारखान्याने दिले त्याहून सुंदर केलेल्या कामाला जादा गुण नाहीत. शिवाय ज्या गाड्यांनी आपले मूळ अवयव आणि मूळ रंग टिकवून धरले आहेत, त्यांच्यासाठी निराळा वर्ग आहे. तिथे सुरकुत्यांना मान आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या 'फिव्हा'ने, २०१२ साली ट्युरिन सनद म्हणून एक संहिता मान्य केली. प्राचीन इमारतींसाठी १९६४ साली जी व्हेनिसची सनद झाली, तिच्यावरून ही बेतलेली. तिचा मथितार्थ हा की, आधी जपा, नाइलाज झाला तर दुरुस्त करा, आणि जे नवे बसवाल त्याची नोंद ठेवा.

आता कळशीवरच्या नावाकडे येऊ. त्या काळी पिकअपच्या दरवाजांवर मालकाचे नाव, शेताचे किंवा दुकानाचे नाव आणि गाव हाताने रंगवून घेत. गाडी विकली गेली की नवा मालक त्यावर दुसरा रंग चढवी. आज पाण्याचा हात लावून हलकेच पॉलिशपेपर फिरवावा, तर वरचा थर उतरता उतरता खालून फिकी अक्षरे वर येतात. एखाद्या दूधवाल्याचे नाव, दोन-तीन आकड्यांचा टेलिफोन नंबर. या क्षणी माणसाने हात थांबवायचा की पुढे चालवायचा? पुढे चालवला तर अर्ध्या तासात पत्रा स्वच्छ होईल आणि त्यावर हवा तो रंग बसेल. थांबवला तर गाडीला कदाचित बक्षीस मिळणार नाही. पण ती कुणाची होती हे ती स्वतः सांगत राहील. रंग केव्हाही देता येतो. ती अक्षरे मात्र एकदा गेली की कोणत्याही पैशाने परत येत नाहीत. माझे मत विचाराल, तर तिथे हात थांबवावा. गंज थांबवण्यापुरते मेण किंवा तेल लावावे, ब्रेक आणि वायरिंग नवे करावे, बाकी गाडीला तिच्या चेहऱ्याने बसू द्यावे.

आपला या गाड्यांशी काय संबंध, असे विचाराल तर संबंध आहे. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला होता. १९२८ साली तिथे शेवरोलेट जोडायला सुरुवात झाली आणि १९५४ साली तो बंद झाला. मधल्या पाव शतकात तिथून मोटारींबरोबर ट्रक आणि बसगाड्याही बाहेर पडल्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, अशी एसटीची पहिली गाडी सुटली. त्या सुरुवातीच्या ताफ्यात नाना बनावटीच्या गाड्या होत्या, त्यांत शेवरोलेटही होती. आपल्या आजोबांपैकी कित्येकांनी तिच्या टपावर ट्रंक आणि वळकटी चढवली असेल. पण आपल्या जुन्या मोटारींच्या मिरवणुकीत पाहावे तर डोळ्यांत भरतात त्या संस्थानिकांच्या रोल्सरॉइस. त्या जपल्या गेल्या याचा आनंदच आहे. त्यांना बांधलेले गॅरेज होते, नोकर होते. भाजीच्या ट्रकला आणि एसटीला कोण होते? ती राबली, थकली आणि तोडून वजनावर विकली गेली. राजाची गाडी इतिहासात राहिली आणि प्रजेची भंगारात गेली.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि फारसे फेरफार न केलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' ठरते, त्याच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती दहा वर्षे चालते. प्रदर्शन, रॅली, अभ्यास आणि देखभाल यांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. त्यातला 'मूळ स्वरूपात' हा शब्द मला मोलाचा वाटतो. कायद्यालाही चकाकी नको आहे, खरेपणा हवा आहे.

तेव्हा वाचकहो, कुणाच्या वाड्याच्या पडवीत, गावच्या गोठ्यामागे किंवा बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीशेजारी अशी राबलेली गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला निरोप धाडण्यापूर्वी एवढे करा. तिची कागदपत्रे शोधा. चारी बाजूंनी फोटो घ्या. ती चालवणारा कुणी हयात असेल तर त्याच्याजवळ बसून, कोणत्या घाटात काय झाले ते लिहून घ्या. गाडी ठेवायचीच झाली तर डोक्यावर पत्रा आणि अंगावर हवा खेळणारे आच्छादन द्या, टाकीतले शिळे पेट्रोल काढा, उंदरांचा बंदोबस्त करा आणि चालती झाली की महिन्यातून एकदा तरी फिरवून आणा. कारण गाडी चालण्यापेक्षा बसून जास्त लवकर मरते. आणि रंगाचा डबा उघडण्याआधी ओल्या फडक्याने तिचा दरवाजा एकदा पुसून पाहा. तिथे एखादे नाव असेल.