घरचा कारागीर : गिटारचा अँप्लिफायर घूं घूं करतो, काय करायचे?



हल्ली पुष्कळ घरांत मुले-नातवंडे गिटार वाजवतात, आणि काहींना जुन्या पद्धतीचा ट्यूब अँपच हवा असतो. ही ट्यूब म्हणजे ट्यूबलाईट नव्हे हं! तिकडे मुंबईला आपला मर्फी नाहीतर फिलिप्सचा रेडिओ गरम व्हायला वेळ घ्यायचा, आत लालसर उजेड दिसायचा, ते व्हॉल्व्ह. तेच हे. आवाज गोड, पण खोड्याही तेवढ्याच. गिटार हातात नसतानाही घूं घूं, खरखर, शिट्टी. दुकानात नेण्याआधी निम्मे निदान घरीच करता येते.

आधी दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा.

पहिली : पेटी उघडायची नाही. आत ३०० ते ५०० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. खालच्या सर्व तपासण्या बाहेरूनच करायच्या आहेत.

दुसरी : प्लगची तिसरी पिन, म्हणजे अर्थ, कधीही तोडू नका. "पिन काढ, घूं घूं बंद होईल" असे सांगणारे भेटतात. कधी कधी ते बंद होतेही. पण मग आत बिघाड झाला की वीज गिटारच्या तारांत येते आणि वाजवणाऱ्याच्या अंगातून जाते. मे १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून भर कार्यक्रमात गेला.

आता तपासणी.

१. गिटारची वायर अँपमधून काढा. आवाज थांबला तर दोष अँपचा नाही. वायर खराब असेल, किंवा गिटारचा पिकअप खोलीतल्या डिमरचा, ट्यूबलाईटचा, कॉम्प्युटरचा आवाज पकडत असेल. वायर परत लावा, गिटार घेऊन जागच्या जागी वळून बघा. आवाज कमी-जास्त झाला की समजा, पिकअपच तो आवाज पकडतोय. अँप आणि पेडल वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर एकाच पट्टीवर लावून पाहा.

२. व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर दोष पुढे, म्हणजे पॉवरच्या भागात किंवा मोठ्या व्हॉल्व्हमध्ये. गेला तर दोष अलीकडे, बहुधा छोट्या व्हॉल्व्हमध्ये.

३. सूर ओळखा. इस्राएलमध्ये वीज ५० सायकलची आहे. गिटारच्या सर्वात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा सूर ९८ सायकलचा. घूं घूं त्याच्याशी जवळपास जुळली तर ती १०० ची, आणि मग जुने, सुकलेले कंडेन्सर बदलायची वेळ आली असे समजा. त्याच्याही खालच्या सप्तकातली असेल तर ५० ची : व्हॉल्व्हच्या हीटरची किंवा अर्थच्या जोडणीची तक्रार.

४. अँप चालू ठेवून छोट्या व्हॉल्व्हवर लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. थोडा टण् आवाज सगळेच करतात. जो घंटेसारखा वाजतो किंवा खरखरतो तो बदला. काचेवर नंबर असतो. १२एएक्स७ आणि ईसीसी८३ एकच, नावे दोन. अँप बंद करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर, फडक्याने धरून सरळ वर ओढा. मोठे व्हॉल्व्ह मात्र कारागिरानेच बदलावे, कारण पुष्कळ अँपमध्ये त्यांना बायस लावावा लागतो.

५. बटण फिरवताना खरखर होते? अँप बंद करून ते वीसेक वेळा पूर्ण फिरवा. समुद्राकाठच्या गावांत ही तक्रार जास्त.

अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा अँप इथल्या २३० वर थेट लावलात तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि तो अँपपासून थोडा लांब ठेवा, नाहीतर त्याचीच घूं घूं ऐकू येते. जुन्या अँपला दोनच पिना असतील तर वाजवण्याआधी कारागिराकडून तीन तारांची वायर बसवून घ्या. भिंतीतल्या सॉकेटला अर्थ आहे की नाही, हे हशमलाईला विचारा.

जे सापडले ते कागदावर लिहून कारागिराला द्या. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही. थोडी घूं घूं राहिली तर राहू दे, तिसरी पिन मात्र जागेवर हवी.