घरातला पहिला घोट



"बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर घेतलेली बरी." इंदूरच्या मराठी घरांतही आता हे वाक्य ऐकू येतं. मुलाला सोळा-सतराव्या वर्षी आपणच घोटभर दिली, की तो मर्यादा शिकेल, असा त्यामागचा हिशेब. बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हिशेब बरोबर आहे का?

ऑस्ट्रेलियात २०१० ते २०१६ या काळात सुमारे १९०० मुलं आणि त्यांच्या पालकांकडून दरवर्षी माहिती घेतली गेली. आईवडिलांनी दारू दिल्यामुळे मुलं सुरक्षित राहिली, असं कुठेच दिसलं नाही. उलट, अशा मुलांनी पुढच्या वर्षी ती दुसरीकडूनही मिळवण्याची शक्यता वाढली.

मग करायचं काय? आइसलँडचं उदाहरण बघा. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात दारू चढल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. मुलांना रात्री घरी परतायची वेळ ठरली, खेळ आणि संगीताच्या वर्गांना सरकारी पैसा मिळाला. पण मला सगळ्यात पटलं ते हे, की शाळेतल्या पालकांनी एकत्र बसून लेखी करार केले : मोठ्यांशिवाय पार्टी नाही, मुलांसाठी दारू विकत आणायची नाही. "बाकी सगळ्यांना परवानगी आहे" हा मुलांचा हुकमी एक्काच गेला!

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक लोक 'डिफॉल्ट' सेटिंग कधी बदलतच नाहीत. घरही तसंच. लग्नातून दोन पेग घेऊन बाबा गाडीची किल्ली उचलतात, तेव्हा मागच्या सीटवरचा मुलगा ते सेटिंग मनात साठवत असतो. स्कूटरचंही तेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी "कोपऱ्यावरच तर जातोय" म्हणत किल्ली देणारे आपणच.

एक वाक्य मात्र मुलांना आजच सांगून ठेवा : "कुठेही अडकलास, तर रात्री दोनलाही फोन कर. आधी घरी आणू, बोलणं सकाळी." आणि ते पाळा. नाहीतर मूल पुढच्या वेळी फोन न करता प्यायलेल्या मित्राच्या मागे बसेल.

यंदा गणपतीत मंडळात भेटू, तेव्हा एका वयाची मुलं असलेल्या चार-पाच घरांनी तासभर बसून आपले नियम एकसारखे करूया का?