असली मध कोणता?

आपल्या बाजारात मोहोळाचा तुकडा दाखवून मध विकणारे येतात. घेणारा काडी पेटवून, पाण्यात थेंब टाकून परीक्षा घेतो. ही परीक्षा फोल आहे. २०२० साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १३ कंपन्यांचे मध तपासले. सगळ्या चाचण्यांत तीनच टिकले, आणि तेही जर्मनीतल्या प्रयोगशाळेपर्यंत गेल्यावर कळले. मग आपल्या काडीला काय कळणार?

उलट थंडीत मध थिजला की “साखर घातली” म्हणून लोक नाक मुरडतात. कच्चा मध थिजतोच, त्यातली ग्लुकोज खडे धरते.

महाबळेश्वरकडे सातेरी माशा पेटीत पाळतात. पोळी यंत्रात फिरवून मध काढतात आणि पोळी परत माशांना देतात. जांभूळ, हिरडा, सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी, प्रत्येकाचा मध निराळा. तिथले मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ झाले. आपल्याकडे आग्या मोहोळ जाळतात नि अंड्या-अळ्यांसकट पिळतात. त्यालाच आपण रानातला शुद्ध मध म्हणतो!

गुण म्हणाल तर खोकल्याला आराम पडतो, हे खरे. पण मधात चार हिस्से साखरच असते, हे मधुमेह्याने विसरू नये. अंगठीने बाळाला मध चाटवण्याची रीत आमच्याही घरी आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातल्या जंतूंमुळे जिवावरचे दुखणे होऊ शकते. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. हे सांगायला मी नाही तर कोण?

‘सेंद्रिय’ शिक्क्यावर माझा विश्वास नाही. माशी किलोमीटरभर हिंडते, तिला कपाशीवरची फवारणी कोण सांगणार? माशी फिरली नाही तर आपल्या कांद्याच्या डोंगळ्यांत बी भरत नाही. म्हणून मोहोळ जाळणाऱ्याकडून मध घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.