नऊ हजारांचे बूट आणि दोन हात सुतळी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. शनिवार आहे, केडगावात ढग नेहमीसारखे नुसते डोकावून जातायत, आणि हापिसातल्या ट्रेक ग्रुपवर पुढच्या महिन्यातल्या हरिश्चंद्रगडासाठी सामानाची यादी येऊन पडलीये. ४३ वस्तू. मोजल्या मी, नोकरीच तसली आहे :) त्यातल्या ४१ दुकानात मिळतात. उरलेल्या दोन म्हणजे 'ओळखपत्र' आणि 'भरपूर उत्साह'.

आता माझं म्हणणं सरळ मांडतो, शिव्या नंतर घाला. ही यादी खरेदीची आहे, ट्रेकच्या तयारीची नाही. मोठ्या ट्रेकला लोकांची फजिती होते ती सामान नव्हतं म्हणून क्वचितच. सामान असतं, ढिगानं असतं. पण ते आदल्या दिवशी पाकिटातून काढलेलं असतं, आणि पैसे मोजले म्हणजे तयारी झाली अशी आपण स्वतःची समजूत घातलेली असते.

हे कुणा दुसऱ्याबद्दल बोलत नाहीये मी. गेल्या वर्षी जुलैत आम्ही चौघं संगमनेर, अकोले, राजूर करत पाचनईला गेलो. हरिश्चंद्रगडाची ही सगळ्यात सोपी वाट. माझ्या पायात नऊ हजारांचे बूट. चार वर्षांपूर्वी हिमालयातल्या एका ट्रेकसाठी घेतले होते, तो ट्रेक रद्द झाला, आणि बूट तेव्हापासून माळ्यावर खोक्यात. नवे कोरे. मला काय अभिमान त्यांचा! तासाभराच्या चढणीनंतर उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि मगरीसारखा जबडा उघडायला लागला. थोड्या वेळाने डावा.

घरी आल्यावर शोधाशोध केली तेव्हा कळलं की यात बुटाचा दोष कमी आणि माझा जास्त. अशा बुटांच्या तळात मधला जो मऊ थर असतो तो बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतल्या ओलाव्याने तो वर्षानुवर्षं आतल्या आत कुजत जातो. खोक्यात ठेवला म्हणून वाचत नाही. वरून बूट चकाचक दिसतो, आतला थर बिस्किटासारखा झालेला असतो. आधीच्या रविवारी हेच बूट घालून मी चार किलोमीटर चाललो असतो तर तळ केडगावातच सुटला असता आणि मी रिक्षाने घरी आलो असतो. तेवढं चाललो नाही. फोटो मात्र काढला होता बुटांचा.

बाकीच्यांचं सांगतो. एकजण जीन्सवर. दुसऱ्याने डोक्याला बांधायची बॅटरी आणली होती, छान महागातली, पण तिचं बटण सॅकमध्ये दाबलं जाऊन ती येतानाच गाडीत जळून संपली. जादा सेल? यादीत होते. 'बॅटरी' या शब्दावर टिक करताना ते आलेच असं त्याने धरलं. तिसऱ्याकडे सगळं होतं, झोप सोडून. आम्ही शुक्रवारी काम संपवून रात्री निघालो, तो पहाटेपर्यंत गाडी चालवत होता, आणि उजाडल्यावर लगेच चढायला लागलो. आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल की शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नये. आम्ही दर वर्षी नेमकं तेच करतो, आणि तेही डोंगरावर.

आता जे लिहायची मला लाज वाटते ते. पाचनईत एक काका म्हणाले, "पाव्हणं, वाट दाखवायला येऊ का?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. मोबाईलमध्ये नकाशा आहे की, कशाला उगाच पैसे? चौघांच्या अंगावर आणि पाठीवर मिळून पन्नासेक हजारांचं सामान होतं. काका मागत होते त्यात माझ्या एका बुटाची नाडीसुद्धा... बरं, नाडी आली असती, पण बूट नक्कीच आला नसता. पाच मिनिटं घासाघीस केली आम्ही. शेवटी जीन्सवाला म्हणाला, चला घेऊ, फोटो काढायला कुणीतरी लागेलच.

त्या काकांनी खिशातून सुतळी काढली आणि माझे दोन्ही बूट असे बांधले की ते वर देवळापर्यंत आणि परत खाली गावापर्यंत टिकले. काकांच्या पायात बाजारातले साधे प्लॅस्टिकचे बूट. उतरताना धुकं असं दाटलं की पुढच्या माणसाची सॅक दिसेना, आणि मोबाईलचा नकाशा उघडला तर कोरा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही हे मला इंजिनियर म्हणून व्यवस्थित माहीत आहे. पण नकाशा घरून उतरवून घ्यावा लागतो, ते कुणी केलं नव्हतं. नुसता निळा ठिपका, पांढऱ्या पडद्यावर. काका नसते तर काय झालं असतं यावर परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही.

कारण काय होऊ शकतं ते सगळ्यांना माहीत होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच गडावर पुण्याहून आलेला एक गट धुक्यापावसात वाट चुकला, त्यांना जंगलात रात्र काढावी लागली आणि त्यातला एकजण गेला. माझ्यापेक्षा फार मोठा नव्हता. त्यांच्या सामानाबद्दल घरी बसून मी काही बोलणार नाही, तो हक्क मला नाही. पण त्या बातमीने एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: सह्याद्रीत ऑगस्टमध्ये माणूस थंडीनं जाऊ शकतो. बर्फ लागत नाही त्याला. ओले कपडे, वारा, थकवा आणि थांबलेली हालचाल एवढं पुरतं.

आणि आपण नगरकर तर यात विशेष अडाणी. शहरात वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलीमीटर पाऊस. पाऊस म्हणजे भजी, एवढाच आपला अनुभव. त्याच जिल्ह्यात पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे काही हजार मिलीमीटर पडतो. जिल्हा एक म्हणून आभाळ एक नसतं. जीन्स आणि सुती टी-शर्ट एकदा भिजले की दिवसभर वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. रस्त्यावर मिळणारी फुटबॉलची पॉलिस्टर जर्सी त्यापेक्षा शंभरपट बरी. आपल्याकडच्या धनगरांच्या घोंगडीला आपण हसतो, पण लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. खोळ करून डोक्यावर घेतली की पाऊसही बराच अडतो. पिढ्यान्‌पिढ्या पावसात वापरून तपासलेली वस्तू आहे ती.

"म्हणजे चांगलं सामान घेऊच नये का?" असं विचारणारे येतीलच, तेव्हा आधीच उत्तर देतो. घ्या. जरूर घ्या. चांगला बूट घोटा वाचवतो, चांगली बॅटरी जीव वाचवते. माझं भांडण वस्तूशी नाही, टिक करण्याशी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडची शिकार बंद झाली ते उत्तम झालं, पण जुन्या शिकाऱ्यांचं एक मान्य करावं लागेल. नवी बंदूक घेऊन कुणी थेट जंगलात जात नसे. आधी निशाण लावून बघायचे, नेम कुठे सरकतो ते समजून घ्यायचे. आणि गावचा वाटाड्या सोबत घ्यायचे, त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. आम्ही मात्र सॅकचं सील वरच्या देवळासमोर फोडतो.

व्यायामाचंही तेच. जिममध्ये सपाट पट्ट्यावर तासभर पळणारा आमचा मित्र उतारावर गुडघे धरून बसला. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, ती सवय सपाटीवर होतच नाही. त्यासाठी उतरावंच लागतं.

तर ग्रुपवर मी यादीला उत्तर म्हणून एवढंच टाकलंय: रविवारी सकाळी सहाला चांदबिबी महाल. (खरं तर ती सलाबतखानाची कबर, पण नगरमध्ये तसं म्हटलं तर रिक्षावाला तुम्हाला नेणार नाही.) डोंगराच्या पायथ्याशी गाड्या लावायच्या, हरिश्चंद्रगडाला नेणार तीच सॅक, तितकीच भरलेली, तेच बूट, तेच मोजे, पाण्याच्या त्याच बाटल्या. तीनदा वर, तीनदा खाली. पाऊस आला तर उत्तम, रेनकोट आतून घामाने किती भिजतो तेही कळेल. मोबाईल विमान मोडवर टाकून नकाशा उघडून दाखवायचा. आणि वाटाड्याचे पैसे आत्ताच जमा करायचे, पाचनईत घासाघीस नको.

दोन तास झाले. १४ जणांनी वाचलंय, दोघांनी अंगठा दाखवलाय, आणि एकाने विचारलंय की ट्रेकिंगच्या काठ्यांवर सेल कुठे चालू आहे. मी नवे बूट घेतलेत, दीड महिना झाला, रोज दूध आणायला तेच घालून जातो, आई ओरडते. सुतळी पण आणून ठेवलीये.