आठ हजार नमुन्यांतली अक्का

हातात मावणाऱ्या जुन्या संगणकांवर ऐकता यावं म्हणून ऑडिओ फायली बदलत बसणं हा रिकामपणचा उद्योग आहे, असं आमच्या एका भाचीचं ठाम मत. "मावशी, फोनवर लाव ना सरळ!" घरच्या ग्रुपवर यावरून बरीच चर्चा झाली. तिथे लांबलचक टाइप करायला अंगठा दुखतो, म्हणून माझं म्हणणं इथे लिहिते.

आधी दादाबद्दल. दादा आता ८४ वर्षांचा, दृष्टी फार मंदावलेली. १९९५ साली त्याने इंग्लंडहून येणाऱ्या मित्राकडून सायऑन ३ए मागवला होता. १९९३ मध्ये निघालेलं हे यंत्र चष्म्याच्या डबीसारखं उघडतं, आत खऱ्याखुऱ्या कळा, आणि दोन पेन्सिल सेलवर आठवडेच्या आठवडे चालतं. तीस वर्षांत त्या कळा दादाच्या बोटांना पाठ झाल्या आहेत. फोनची काच त्याच्या बोटांना काहीच सांगत नाही. भलतंच काहीतरी दाबलं जातं, कोणाला तरी फोन लागतो, मग तो वैतागून फोन उशीखाली सारतो. तेव्हा दादाला अक्काच्या ओव्या स्वतःच्या हाताने लावून ऐकता याव्यात असं वाटत असेल, तर त्या सायऑनवरच हव्यात. यात हौस कुठे आली? (नुसती जुनी यंत्रं जमवून कपाटात रचणाऱ्यांचं मला कौतुक नाही, हेही सांगून टाकते.)

अक्का २००९ मध्ये गेली. १९८७ च्या दिवाळीत ती माहेरपणाला आली होती, तेव्हा जात्यावर बसलेली असताना आमच्या यजमानांनी कॅसेट भरून घेतली. पुतण्याने ती संगणकावर उतरवली, सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. सायऑनला हे झेपणार नाही. त्याला लागते डब्ल्यूव्हीई नावाची फाइल: एकच चॅनल, सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा आणि ए-लॉ पद्धतीने लिहिलेला. ए-लॉ ही मूळची टेलिफोनची पद्धत, आपल्याकडच्या फोनचीही. हळू आवाजासाठी मोजपट्टीवर जवळजवळ खुणा, मोठ्या आवाजासाठी लांब लांब. त्यामुळे इतक्या थोडक्या जागेत कुजबुजसुद्धा ओळखू येते. हुशारी आहे खरी.

आता हिशेब. सेकंदाला ८,००० बाइट, म्हणजे मिनिटाला ४ लाख ८० हजार. दादाच्या २ एमबीच्या कार्डावर जेमतेम सव्वाचार मिनिटं मावतात. त्यातही त्या फ्लॅश कार्डाची एक खोड आहे. फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही, मोकळी व्हायला सगळं कार्ड नव्याने फॉरमॅट करावं लागतं. म्हणून काय घ्यायचं ते आधीच ठरवावं लागतं. मी पाऊण तासाची कॅसेट तीनदा ऐकली आणि चार मिनिटं निवडली. मध्येच अक्का "थांब गं, पीठ सांडतंय" म्हणते, ते पुतण्या कापायला निघाला होता. मी कापू दिलं नाही. दादाला ओव्यांपेक्षा तेच जास्त हवं असणार.

प्रत्यक्ष बदल करायला सॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, १९९१ पासूनचा. तो आधी ४,००० हर्ट्झच्या वरचे कंप गाळतो आणि मग नमुने कमी करतो. हा क्रम महत्त्वाचा, कारण न गाळता नमुने कमी केले तर वरचे सूर खाली उतरून खोटे सूर होऊन बसतात. फाइलचं नाव रोमन आठ अक्षरांत कोंबायचं, सिरियल केबलने यंत्रात चढवायचं, झालं.

ऐकताना माझ्यातली मराठीची बाई जागी झाली! सेकंदाला ८,००० नमुने घेतले की ४,००० हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही, आणि आपल्या 'स'ची धार बरीचशी तिथेच असते. 'श' त्या मानाने तग धरतो. 'चूल'मधला च बोथट होतो, 'चिमणी'मधला बराच टिकतो. 'सासर' पार फुसकं होऊन येतं, पण 'माहेर' अगदी स्पष्ट, कारण म, ह, र यांना वरच्या कंपांची फारशी गरज नाही. बांगड्यांची किणकिण गेली ती रूपांतरात. जात्याची घरघर मात्र फाइलमध्ये शाबूत आहे, ती अडते सायऑनच्या चिमुकल्या स्पीकरपाशी. अक्काचा गळा या दोन्हींच्या मधला, तो सुखरूप पोचतो.

(पाम टंगस्टन ई असणाऱ्यांना एवढी कसरत नको. २००३ चं ते यंत्र, एसडी कार्डावरून एमपी३ वाजवतं. ४८ केबीपीएस मोनो ठेवलं तर बोलण्याला पुरतं आणि तासाला २१-२२ एमबी लागतात. फक्त फाइलची नावं रोमनमध्ये द्या, देवनागरी त्याला दिसत नाही.)

असो. माझा खरा विरोध वेगळ्याच गोष्टीला आहे. "लहान फाइल झाली ना, मग मोठी कशाला? फोन भरतोय" असं ग्रुपवर दोघा-तिघांनी लिहिलं आहे. मुलांकडून मी वर्षानुवर्षं सारांशलेखन करून घेतलं. उताऱ्याचा सारांश होतो, पण सारांशावरून मूळ उतारा कोणी लिहून दाखवावा! डब्ल्यूव्हीईची पुन्हा वेव्ह केली तर फाइल फुगते, बांगड्या काही परत येत नाहीत. उद्या एखाद्या नातवाला जात्यासकट ओव्या ऐकाव्याशा वाटल्या तर त्याच्या हाती फक्त दादाच्या सायऑनपुरतं कापलेलं ठेवायचं का? वापरायची प्रत कितीही लहान करा, हवी तेवढ्यांदा करा. पण मूळ वेव्ह दोन वेगवेगळ्या घरी, दोन वेगळ्या डिस्कवर राहिलीच पाहिजे. एक माझ्याकडे आहे. दुसरी कोण ठेवतंय ते ग्रुपवर कळवा.

आणि ठाण्याच्या वहिनी, त्याच दिवाळीतली दुसरी कॅसेट तुमच्याकडे आहे असं कळलं. उतरवून घ्याल तेव्हा वेव्हमध्येच घ्या आणि पेनड्राइव्हवर पाठवा. लहान मी करून घेईन.