मुलांच्या फोटोला फिल्टर कशाला?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, स्नेहसंमेलनाचे फोटो ग्रुपवर येतात ना, ते एकदा नीट बघा. सावळी मुलगी गोरी झालेली असते, गालावरचा तीळ गायब! आणि आपण खाली लिहितो, 'खूप छान'. त्या मुलीने यातून काय समजायचं?

जर्मन छायाचित्रकार पीटर लिंडबर्ग (१९४४-२०१९) फॅशनच्या दुनियेतला. तिथे चेहरा गुळगुळीत करण्यालाच किंमत. पण १९८८ मध्ये त्याने समुद्रकिनाऱ्यावर साध्या पांढऱ्या शर्टातल्या मॉडेल्सचे फोटो काढले. मेकअप जेमतेम, सगळ्या मोकळेपणी हसतायत. २०१७ च्या पिरेली कॅलेंडरमध्ये तर हेलन मिरेन, निकोल किडमन यांचे चेहरे त्याने सुरकुत्यांसकट ठेवले. जाहिरातवाल्यांना हे जमतं, मग आपल्याला का जमू नये?

महागडा कॅमेरा लागत नाही हो. मुलाला वर्गाच्या खिडकीजवळ बसवा, थेट ऊन मात्र नको. मोबाईलचा ब्युटी मोड बंद करा. 'स्माईल' म्हणू नका, त्याच्या शेळीबद्दल नाहीतर क्रिकेटबद्दल विचारा आणि बोलता बोलता फोटो काढा. पडलेला दात दिसला तर दिसू द्या. पहिली-दुसरीत तो सगळ्यांचाच पडलेला असतो.