विश्लेषण : घरकामाचे पाच तास सातबाऱ्यावर का दिसत नाहीत?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. या पट्ट्यात जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणारा कारागीर, बाग पाहायला येणारा व्यापारी आणि सौदा ठरवणारा शेतकरी, ही बहुतांशी पुरुष मंडळी. निंदण बायांकडे. त्याआधीचा आणि त्यानंतरचा स्वयंपाक, धुणी-भांडी, म्हाताऱ्यांचे आणि लेकरांचे करणेही त्यांच्याकडेच. निंदणाची मजुरी निदान ठरलेली असते, घरकामाला मात्र दरच नाही.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, तर पुरुष 97. यात एक मेख आहे. ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे आणि 2019 मध्ये असे पुरुष होते जेमतेम 26 टक्के. सगळ्या पुरुषांत ती वेळ वाटली तर वाट्याला येतात सुमारे 25 मिनिटे. 2024 च्या सर्वेक्षणात स्त्रियांचा वेळ 289 मिनिटांवर आला, तर पुरुषांचा 88 वर. म्हणजे बायकांची दहा मिनिटे वाचली, पण ती नवऱ्यांनी उचलल्याचे काही दिसत नाही.

हिशेब नेमका कुठे अडतो?

कापूस, तुरीचा हमीभाव ठरवताना घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाची मजुरी उत्पादन खर्चात धरली जाते. (संत्र्याला हमीभावच नाही, हे दुखणे वेगळे.) पण तीच बाई पहाटे उठून भाकरी थापते, वावरात शिदोरी पोहोचवते, त्याला कुठलाच रकाना नाही.

जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात याच सर्वेक्षणाचा आधार घेत गृहिणीच्या श्रमाचे आर्थिक मोल मान्य केले. निकाल महत्त्वाचा आहे, पण तो गृहिणीच्या मृत्यूनंतरच्या भरपाईचा आहे. जिवंतपणी हा हिशेब कोण करणार?

अमरावतीचा संबंध काय?

तो प्रयत्न शेतकरी संघटनेने केला होता. शरद जोशींच्या या संघटनेने 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले. त्यानंतरचे अधिवेशन 1989 मध्ये अमरावतीत झाले. याच काळात ‘लक्ष्मीमुक्ती’ ही मोहीम उभी राहिली. घरच्या लक्ष्मीने आयुष्यभर फुकट राबून केलेले ऋण फेडायचे, तर शेतकऱ्याने जमिनीचा काही हिस्सा स्वेच्छेने तिच्या नावे करावा, असा तिचा अर्थ. जळगाव जिल्ह्यातील विटनेरमध्ये शंभरावर शेतकऱ्यांनी तसे केले. पुढे 1992 मध्ये शासनानेही परिपत्रक काढून पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली.

त्याने भांडी घासली जातील का?

नाही. पण नाव लागले की जमीन विकताना किंवा गहाण टाकताना तिची सही लागते. नापिकी आणि कर्जाने खचलेल्या वऱ्हाडात ही सही किरकोळ गोष्ट नव्हे. बाग किती वर्षांची, पाणी कुठवर पुरेल, कर्ज कोणाचे किती, हे घरात बसून बोलावेच लागते. कामाच्या वाटणीचा विषय अशा बोलण्यातच निघू शकतो, ‘मी तिला मदत करतो’ या उपकाराच्या भाषेत तो निघत नाही.

सोयीत खोट एकच, पण मोठी. अर्ज नवऱ्याने करायचा असतो. तीस वर्षे त्याच बागेत राबलेली बाई स्वतः महसूल कार्यालयात जाऊन माझे नाव लावा म्हणाली, तर तिच्या श्रमांच्या आधारे तसा हक्क मागण्याची तरतूद या परिपत्रकात नाही.